पिल्लाचे शौचशिक्षण आणि अध्ययनाचे नियम

कुत्र्याच्या पिल्लास घरात घाण न करण्याची सवय लावणे हा विषय विद्यापीठीय विभागाच्या संशोधन-पत्रिकेत स्थान मिळण्याच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. विषय घरगुती आहे व काहीसा ओंगळही आहे. तथापि परिपक्वन, अभिसंधान, प्रबलनातील विलंब, शिक्षेचे परिणाम, उद्दीपकांचे सामान्यीकरण ही जी प्रकरणे आपण वर्गात निरनिराळी शिकवितो, ती सर्व एकाच लहानशा जागेत, एकाच प्राण्याच्या ठिकाणी आणि दोन-तीन महिन्यांच्या अवधीत एकत्र आलेली पाहावयाची असतील तर ह्यापेक्षा सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. प्रयोगशाळेतील उंदीर आपल्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांच्याच वाट्यास येतो. पिल्लू मात्र कित्येकांच्या घरी असते.

शिवाय ह्या प्रश्नाची व्यावहारिक बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात पॅट्रोनेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्री आश्रयगृहात सोडून देण्याच्या कारणांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात घरात अस्थानी मलमूत्र करणे हा महत्त्वाच्या कारणांपैकी एक आढळला. आपल्याकडे अशी आश्रयगृहे थोडी. तेथे आणून सोडण्याऐवजी प्राणी सरळ रस्त्यावर सोडला जातो, किंवा त्याचे उरलेले आयुष्य गॅलरीत साखळीला बांधलेल्या अवस्थेत जाते. म्हणजे ज्यास आपण 'सवय लागली नाही' असे सहज म्हणतो, त्याची किंमत त्या प्राण्यास फार मोठी मोजावी लागते. आणि पुढे दाखविल्याप्रमाणे सवय न लागण्याचा दोष बहुधा त्याच्याकडे नसतो. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' ही आपली म्हण ह्या बाबतीत फार उदारपणे वापरली जाते. म्हण शेपटापुरती खरी आहे.

प्रथम पिल्लाजवळ उपजत काय असते ते पाहू. जन्मल्यानंतरचे सुमारे दोन आठवडे पिल्लू आंधळे व बहिरे असते आणि त्यास स्वतःहून नीट मलमूत्रविसर्जनही करता येत नाही. आई त्याच्या पोटाखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया घडते आणि जे बाहेर पडते ते आईच खाऊन टाकते. त्यामुळे बीळ वा निजण्याची जागा कोरडी व निर्गंध राहते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास डोळे व कान उघडलेले असतात, पायांत थोडे बळ येते आणि पिल्लू निजण्याच्या जागेपासून लटपटत दोन पावले दूर जाऊन विसर्जन करू लागते. ही गोष्ट त्यास कोणी शिकवीत नाही. मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ जे संशोधन केले व १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यात ह्या विकासक्रमाचे तपशीलवार वर्णन आहे. त्यांचे एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे : वयाच्या आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिल्ले विसर्जनासाठी ठराविक जागा निवडू लागतात.

ह्या निवडीत जागेबरोबरच पायांखालच्या पृष्ठभागाचाही मोठा वाटा असतो. ज्या पिल्लाने ह्या वयात मातीवर वा गवतावर विसर्जन केले, ते पुढेही माती शोधते. ज्याने गुळगुळीत फरशीवर केले, ते फरशीलाच योग्य जागा समजते. आपल्याकडे बहुतेक पिल्ले नेमकी ह्याच वयात नव्या घरी येतात. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात ती कोणत्या पृष्ठभागावर उभी राहिली, ह्यावर पुढील कित्येक महिन्यांचे सुख वा दुःख अवलंबून असते.

तेव्हा स्वच्छतेची वृत्ती उपजत आहे. शिकवावयाची आहे ती केवळ तिची व्याप्ती. पिल्लाच्या दृष्टीने 'घर' म्हणजे जेथे ते निजते व खाते ती चार हात जागा. दिवाणखान्याचा दूरचा कोपरा, पाहुण्यांची खोली, जिन्याखालची अडगळ हा सगळा प्रदेश त्यास परका व म्हणून विसर्जनास योग्य वाटतो. मनुष्य ज्यास एक घर म्हणतो ते पिल्लास एक बीळ व त्याभोवतीचे विस्तीर्ण रान असे दिसते. ह्या रानाचा तुकडा तुकडा करून बिळात समावेश करावयाचा, एवढेच सगळे शौचशिक्षण होय. खेड्यात ओट्यावर व अंगणात वाढणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत हा प्रश्न कधी उद्भवला नाही, ह्याचे कारणही हेच. तेथे बिळाबाहेर खरोखरच रान होते. पिल्लू चौथ्या मजल्यावरील सदनिकेत आले, तेव्हा प्रश्न निर्माण झाला.

ह्या नियमास एक दुःखद अपवाद आहे. जी पिल्ले जन्मापासून अरुंद पिंजऱ्यात, विक्रीच्या हेतूने वाढविली जातात, त्यांस निजण्याच्या जागेपासून दूर जाण्याची सोयच नसते. स्वतःच्या घाणीत निजण्याची त्यांस सवय होते व उपजत वृत्ती वापराअभावी दुबळी होते. असे पिल्लू घरी आल्यास शिक्षणास दुप्पट-तिप्पट काळ लागतो, आणि घेणाऱ्यास त्याचे कारण ठाऊक नसल्यामुळे ते 'मठ्ठ' ठरते.

आता शरीराकडे वळू. मूत्राशय भरत असता त्याच्या भिंतीतील ताणाची वार्ता मज्जारज्जूकडे जाते. अगदी लहान वयात तेथूनच प्रतिक्षेपाने उत्तर येते व मूत्राशय रिकामा होतो. पुढे मेंदूच्या बुंध्यातील, सेतू नावाच्या भागातील केंद्र ह्या व्यवहारावर ताबा मिळविते. बॅरिंग्टन ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात मांजरावरील प्रयोगांनी ते दाखवून दिले व ते केंद्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याही वरच्या मेंदूचा निरोध, म्हणजे 'आता नको, थोडे थांब' असे सांगण्याची शक्ती, सर्वांत शेवटी येते. ही परिपक्वनाची बाब आहे. शिक्षणाने ती घाईने आणता येत नाही. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्याहून एक तास अधिक ते धरून ठेवू शकते, असा एक ठोकताळा व्यवहारात रूढ आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. पण ही निजलेल्या पिल्लाची मर्यादा समजावी. जागे असून खेळणारे पिल्लू अर्ध्या तासातही दोनदा मूत्रविसर्जन करते व त्यात काहीही वावगे नसते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळ गोंधळ त्याच्या अभावी होतो. पिल्लास आपण 'धरून ठेवण्यास' शिकवीत नाही. ते स्नायूंचे व मज्जातंतूंचे काम असून ते वयानुसार आपोआप होते. शिकवावयाचे ते 'कोठे' एवढेच. ज्या घरात सहा तास पिल्लू एकटे कोंडून 'सवय' लावण्याचा प्रयत्न होतो, तेथे अध्ययनाचा नव्हे तर मूत्राशयाच्या आकारमानाचा प्रश्न असतो, आणि आकारमानाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शरीराचा दुसरा एक नियम मात्र शिक्षकाच्या उपयोगी पडणारा आहे. जठरात अन्न पडताच मोठ्या आतड्यास चालना मिळते. ह्या प्रतिक्षेपामुळे पिल्लू जेवणानंतर काही मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत बहुधा शौचास करते. झोपेतून उठताच मूत्रविसर्जन होते. जोराच्या खेळानंतर होते. पाहुणे आल्याने उत्तेजित झाले असता होते. म्हणजे दिवसातील बहुतेक सर्व प्रसंग आधी सांगता येण्यासारखे आहेत. आणि जे आधी सांगता येते त्याची व्यवस्था करता येते. जेवण ठराविक वेळी दिले तर शौचही ठराविक वेळी होते. दिवसभर ताटली भरून ठेवणारे गृहस्थ नकळत हा अत्यंत उपयुक्त चल आपल्या हातून घालवितात.

दिनक्रमाचे महत्त्व ह्यातच आहे. त्यास शिस्त वा संस्कार असे नैतिक नाव देण्याची गरज नाही. तो प्रायोगिक नियंत्रणाचा प्रकार आहे. पाव्हलॉव्ह ह्यांनी पचनक्रियेवरील ज्या संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळविले, त्याच संशोधनातून अभिसंधित प्रतिक्षेपाचा अभ्यास वाढला, आणि त्यात त्यांना सर्वांत मोठी अडचण आली ती अनाहूत उद्दीपकांची. पावलांचा आवाज, दाराची कुरकुर, उजेडातील बदल ह्यांपैकी कशानेही प्रयोग बिघडे, म्हणून त्यांनी निःशब्द प्रयोगकक्ष बांधविले. घरी असा कक्ष बांधता येत नाही. परंतु वेळ, वाट, जागा, माणूस व शब्द ही पाच उद्दीपके स्थिर ठेवता येतात. सकाळी उठताच तेच दार, तोच जिना, अंगणातील वा इमारतीमागील तोच कोपरा. पट्टा लहान धरलेला, माणूस एका जागी उभा. आणि पिल्लू बसू लागले की हळू आवाजात उच्चारलेला एकच ठराविक शब्द. शब्द कोणता ह्यास महत्त्व नाही. तो दहा वेळा विनवणी म्हणून आधी न उच्चारता क्रियेच्या आरंभी उच्चारावा. काही आठवड्यांनी तोच शब्द क्रियेस चालना देऊ लागतो व प्रवासात, पावसात, परक्या गावी त्याचा फार उपयोग होतो.

त्यानंतरचा क्षण सर्वांत महत्त्वाचा आहे. क्रिया संपताच, तेथेच, दोन-तीन सेकंदांच्या आत खाण्याचा लहानसा तुकडा व शाबासकी मिळाली पाहिजे. अनेक घरी पिल्लास वर आणून, दार लावून, हात धुऊन मग बिस्किट दिले जाते. त्या बिस्किटाने घरात परत येण्याची क्रिया प्रबलित होते. विसर्जनाशी त्याचा संबंध उरत नाही. ग्राइस ह्यांनी १९४८ मध्ये पांढऱ्या उंदरांवर केलेल्या प्रयोगात, योग्य निवड व तिचे फळ ह्यांत काही सेकंदांचे अंतर पडताच शिकण्याची गती झपाट्याने मंदावलेली दिसली. दहा सेकंदांचा विलंब झाला तेव्हा तर काही उंदीर शेकडो प्रयत्नांनंतरही शिकले नाहीत. हे अंतर भरून काढणारा एखादा दुय्यम प्रबलक मध्ये असेल तर गोष्ट वेगळी. 'शाबास' हा शब्द खाण्याशी पूर्वी जोडलेला असेल तर तो अशा पुलाचे काम करतो. पण पूल आधी बांधावा लागतो.

ह्यापेक्षाही सूक्ष्म अशी एक चूक आहे व ती सुशिक्षित घरांतच अधिक दिसते. पिल्लास बाहेर फिरणे आवडते. कामावर जाण्याची घाई असलेला गृहस्थ पिल्लाने विसर्जन केले की त्यास लगेच घरी आणतो. पिल्लाच्या बाजूने ह्या घटनेचे वर्णन काय? विसर्जन केले की आनंद संपतो. साधक अभिसंधानाच्या परिभाषेत ही शिक्षाच होय, मग आपण कितीही प्रेमाने पाठ थोपटलेली असो. असे पिल्लू लवकरच बाहेर अर्धा तास काही न करता हिंडू लागते आणि घरात पाऊल ठेवताच सतरंजीवर मोकळे होते. लोक ह्यास हट्ट म्हणतात. खरे पाहता ते उत्तम विद्यार्थी आहे. त्यास जे शिकविले गेले तेच ते शिकले. उपाय सोपा आहे : आधी विसर्जन, मग फेरफटका, हा क्रम कधी उलटू देऊ नये.

आता घरातील चुकांविषयी. पिल्लाने फरशीवर मूत्रविसर्जन केले तर त्यास कोणी बक्षीस देत नाही, मग ती सवय का वाढावी? कारण बक्षीस क्रियेतच आहे. भरलेल्या मूत्राशयाचा ताण नाहीसा होणे हे स्वयंसिद्ध प्रबलन आहे आणि ते शून्य सेकंदांच्या विलंबाने मिळते. आपला बिस्किटाचा तुकडा त्याच्याशी वेगात कधीही बरोबरी करू शकणार नाही. म्हणून झालेली चूक सुधारण्यापेक्षा चूक होऊच न देणे हे अधिक फलदायी ठरते. टेरेस ह्यांनी १९६३ मध्ये कबुतरांच्या भेदबोधनावर जे प्रयोग केले, त्यांत चुकांवाचून शिकणे शक्य आहे व अशा शिक्षणात चुकांबरोबर येणारा भावनिक क्षोभही दिसत नाही, असे आढळले. कबुतराच्या ठिपक्यांवरून पिल्लाच्या मूत्राशयाकडे उडी मारणे धाडसाचे आहे हे मान्य. तरी तत्त्व लागू पडते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्यवहारात ह्याचा अर्थ असा की पहिले काही आठवडे पिल्लू एक तर नजरेखाली, एक तर बाहेर आणि एक तर लहानशा आवरात असावे. चौथी अवस्था नसावी. आवार म्हणजे पिंजरा, मोठे खोके किंवा खोलीचा आडोसा घातलेला कोपरा. त्यात पिल्लास उभे राहता यावे, वळता यावे, पाय ताणून निजता यावे. पण एका टोकास विसर्जन करून दुसऱ्या टोकास कोरडे निजता येईल इतका तो मोठा नसावा. बिळाची उपजत मर्यादा येथे आपल्या बाजूने काम करते. मात्र वर सांगितलेली तासांची मर्यादा ओलांडून पिल्लू त्यात कोंडले तर त्या वृत्तीचाच नाश होतो. आवार हे साधन आहे, तुरुंग नव्हे, हे घरातील प्रत्येकास कळले पाहिजे. विशेषतः दुपारी घर सांभाळणाऱ्या व्यक्तीस, जिच्यावर सर्व काम पडते व जिला कोणी काही समजावून सांगत नाही.

ह्या काळात एक वही ठेवावी अशी शिफारस विद्यार्थ्यांना आवर्जून करावीशी वाटते. जेवणाची वेळ, झोपेतून उठण्याची वेळ, विसर्जनाची वेळ व जागा एवढ्याच नोंदी पुरेत. आठवड्याच्या नोंदी पाहिल्या की 'केव्हाही कोठेही करते' ही तक्रार बहुधा गळून पडते. चुका सायंकाळी साडेसहा ते साडेसात ह्याच वेळात होतात, आणि त्या वेळी घरात स्वयंपाक, मुलांचा अभ्यास व दूरदर्शन संच एकाच वेळी चाललेला असतो, असे काही त्यातून दिसते. पिल्लाचे वर्तन समजण्यासाठी घराचे वर्तन मांडून पाहावे लागते.

शिक्षेचा प्रश्न मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवला नाही, तो येथेच घेणे योग्य आहे, कारण बहुतेक घरांत शिक्षणास आरंभ शिक्षेनेच होतो. पिल्लाचे नाक त्याच्या घाणीत घासणे आणि गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने फटका मारणे हे दोन उपाय इतके रूढ आहेत की ते कोणी सांगितले असे विचारण्याचेही सुचत नाही. कठोर सक्तीवर आधारलेली श्वानशिक्षणाची पद्धत कोनराड मोस्ट ह्या जर्मन अधिकाऱ्याने १९१० मध्ये ग्रंथबद्ध केली व लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांद्वारे ती जगभर पसरली. पण मोस्ट हाही क्षणाच्या अचूकतेबद्दल दक्ष होता. घरगुती शिक्षेत ती अचूकताच नसते.

फटक्याच्या वेळेचे महत्त्व किती आहे हे दाखविणारा एक प्रयोग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रिचर्ड सॉलोमन, ल्युसिल टर्नर व मायकेल लेसॅक ह्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. योगायोग असा की त्यात वापरलेले साधन गुंडाळलेले वर्तमानपत्रच होते. भुकेल्या कुत्र्यांपुढे दोन ताटल्या ठेवीत : एकीत रुचकर मांस, दुसरीत कोरडे, नीरस अन्न. मांस निषिद्ध होते. काही कुत्र्यांना मांसास तोंड लावताक्षणीच नाकावर फटका बसे, काहींना खाऊ लागल्यानंतर पाच सेकंदांनी, काहींना पंधरा सेकंदांनी. प्रयोगकर्ता समोर असेतोवर तिन्ही गटांतील कुत्री मांस टाळण्यास शिकली. खरी कसोटी त्याच्या अनुपस्थितीत झाली. ज्यांना तत्काळ शिक्षा झाली होती ती कुत्री भुकेली असूनही कित्येक दिवस मांसास शिवली नाहीत. ज्यांना पंधरा सेकंदांनी झाली होती त्यांनी काही मिनिटांतच मांस फस्त केले. दुसऱ्या शब्दांत, उशिराच्या शिक्षेने त्यांना 'मांस खाऊ नये' हे न शिकविता 'हा मनुष्य असताना खाऊ नये' एवढेच शिकविले.

हा निष्कर्ष सतरंजीवरील डबक्यास लावून पाहावा. गृहस्थ सायंकाळी घरी येतो. डबके दोन तासांपूर्वीचे आहे. पंधरा सेकंदांत जे सुटले ते दोन तासांत कसे सापडणार? पिल्लास फटका बसतो तेव्हा ते शेपूट हलवीत दाराकडे आलेले असते. फटका पडतो तो त्या स्वागतावर. चवीच्या बाबतीत अन्न व आजार ह्यांत तासांचे अंतर असूनही संबंध जोडला जातो, हे गार्सिया व कोलिंग ह्यांच्या १९६६ च्या व त्यानंतरच्या प्रयोगांनी सिद्ध झाले आहे व कोणी चतुर विद्यार्थी त्याचा दाखला देईल. पण ती चव व पोट ह्यांच्यापुरती खास सोय आहे. जागा आणि फटका ह्यांच्यासाठी निसर्गाने अशी सोय केलेली नाही.

ह्यावर घरोघरी एकच उत्तर मिळते : 'त्याला कळते. आम्ही घरात शिरलो की त्याचा चेहराच सांगतो.' कान मागे, नजर चुकविलेली, शेपूट पोटाखाली अशी ती अपराधी मुद्रा सर्वांच्या परिचयाची आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ ह्यांनी २००९ मध्ये तिची परीक्षा घेतली. मालक कुत्र्यास खाऊ न खाण्याची आज्ञा देऊन खोलीबाहेर जाई. त्याच्या मागे कधी कुत्र्यास तो खाऊ दिला जाई, कधी नाही. आणि परतलेल्या मालकास कधी खरे, कधी खोटे सांगितले जाई. अपराधी मुद्रेचा संबंध कुत्र्याने केलेल्या कृत्याशी आढळला नाही. मालकाच्या रागावण्याशी आढळला. इतकेच नव्हे तर ज्यांनी काहीच केले नव्हते व तरीही ज्यांस बोलणी बसली, त्या कुत्र्यांच्या ठिकाणी ती मुद्रा अधिक ठळक होती. आपण ज्यास कबुलीजबाब समजतो तो दयेचा अर्ज असतो. डबके आणि मालक एकत्र दिसले की मार बसतो, एवढा संबंध पिल्लाने जोडलेला असतो. डबके आपण केले हा दुवा त्या साखळीत नसतो.

शिक्षेची पुढील फळे अनुभवाने सर्वांस ठाऊक आहेत, जरी त्यांचे मूळ लक्षात येत नाही. पिल्लू पलंगाखाली, दाराआड, कपाटामागे लपून विसर्जन करू लागते. बाहेर नेले असता माणसासमोर करण्याचे टाळते, आणि त्यामुळे ज्या क्रियेस आपण बक्षीस देऊ इच्छितो ती आपल्या दृष्टीसमोर घडतच नाही. काही पिल्ले रागावलेल्या माणसापुढे अंग चोरून, पोट वर करून थोडेसे मूत्र सोडतात. ही शरणागतीची खूण आहे, लहान पिल्लू मोठ्या कुत्र्यापुढे हेच करते. तिच्याबद्दल शिक्षा केली तर ती वाढते. थॉर्नडाइक ह्यांनी १९११ मध्ये परिणामाचा नियम मांडताना समाधान व असमाधान ह्यांस सारखेच वजन दिले होते; १९३० नंतर स्वतःच्याच प्रयोगांवरून त्यांनी दुसरा अर्धा भाग मागे घेतला. स्किनर ह्यांना १९३८ मध्ये शिक्षेने प्रतिक्रिया काही काळ दबते, नाहीशी होत नाही, असे दिसले. तीव्र व तात्काळ शिक्षा प्रभावी असते असे पुढील संशोधन सांगते व ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की दोन महिन्यांच्या पिल्लास तीव्र शिक्षा देणारा मनुष्य त्या पिल्लाकडून नंतर कशाची अपेक्षा करतो. डोळ्यांदेखत क्रिया सुरू झाली तर टाळी वाजवून लक्ष वेधावे, उचलून बाहेर न्यावे व तेथे पुरी झाली तर बक्षीस द्यावे. मागाहून दिसलेले डबके पुसावे.

पुसण्याबद्दलही दोन शब्द अवश्य आहेत. मूत्रातील युरियाचे जंतूंच्या क्रियेने अमोनियात रूपांतर होते. अमोनियायुक्त द्रव्याने फरशी पुसली तर पिल्लाच्या दृष्टीने तो वास जागेची खूण पुसण्याऐवजी गडद करतो. फिनेलने मनुष्याच्या नाकाचे समाधान होते. कुत्र्याचे घ्राणेंद्रिय त्या वासाखालचा मूळ वास ओळखू शकते. एन्झाइमयुक्त धुण्याची पावडर पाण्यात कालवून प्रथम जागा धुवावी, मग साध्या पाण्याने पुसावी. सतरंजी, गोणपाट, गालिचा ह्या शोषून घेणाऱ्या वस्तू त्या काळापुरत्या गुंडाळून ठेवणेच बरे.

आपल्याकडील शहरी परिस्थितीतून दोन खास अडचणी निर्माण होतात. पहिली लसीकरणाची. पार्व्हो विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला; तो रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो व जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. पिल्लाच्या लशींची मालिका साधारणतः सोळा आठवड्यांपर्यंत चालते. म्हणजे ज्या वयात पृष्ठभागाची निवड पक्की होते, त्याच वयात सार्वजनिक जमिनीवर पिल्लू सोडणे धोक्याचे असते. बंद अंगण असलेल्यांस प्रश्न नाही. इतरांनी रद्दी वर्तमानपत्राचा आश्रय करावा हे ठीक. परंतु त्यात पिल्लू घरातच विसर्जन करण्यास शिकते व नंतर ते पुसून दुसरे शिकवावे लागते. त्यापेक्षा गच्चीवर वा गॅलरीत एका पसरट ट्रेमध्ये माती किंवा गवताचा थर ठेवला तर पायांस पहिल्यापासून मातीची ओळख होते व लसीकरणानंतर तोच ट्रे बाहेरच्या जमिनीकडे सरकविता येतो. मोरीत सवय लावणारी घरेही पुष्कळ आहेत. ती पद्धत सोयीची खरी. मात्र पिल्लू 'मोरी' शिकत नाही, 'ओली फरशी' शिकते, आणि ओली फरशी घरात इतरत्रही असते.

दुसरी अडचण पावसाची. एप्रिल-मे मध्ये शिकलेले पिल्लू जूनच्या पहिल्या सरीत सर्व विसरले, असे म्हणतात. विसरलेले नसते. कोरडी माती, तिचा वास व कोरडे आकाश ही त्याच्या अभिसंधानातील उद्दीपके होती. ती सर्व एकदम बदलली. पावसाळ्यासाठी छपराखालचा एक कोपरा उन्हाळ्यातच ओळखीचा करून ठेवावा. ह्याच ऋतूत मालकाच्या कर्तव्याचीही आठवण द्यावयास हवी : विष्ठा उचलून योग्य ठिकाणी टाकलीच पाहिजे. लेप्टोस्पायरा हे जंतू उंदरांप्रमाणे कुत्र्यांच्या मूत्रातूनही पसरू शकतात, आणि २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत ह्या रोगाची जी साथ आली ती अनेकांच्या स्मरणात असेल. कुत्र्यास ह्या रोगाची लस देता येते व ती द्यावी.

साधारणपणे सहा महिन्यांच्या वयापर्यंत बहुतेक पिल्लांची सवय पक्की होते. त्यानंतर नराच्या ठिकाणी पाय वर करून भिंतीवर वा टेबलाच्या पायावर थोडे थोडे मूत्र टाकण्याचा प्रकार दिसू लागला तर त्यास शिक्षणातील घसरण मानू नये. तो हद्द वासाने खुणावण्याचा लैंगिक परिपक्वतेशी संबंधित व्यवहार असून त्याचे उपाय निराळे आहेत. याउलट, पूर्ण सवय झालेले पिल्लू, विशेषतः मादी, एकाएकी दिवसातून अनेक वेळा घरात थेंबथेंब मूत्र टाकू लागली, पाणी अधिक पिऊ लागली किंवा विसर्जनाच्या वेळी कण्हू लागली, तर दिनक्रमाची वही मिटून त्याच दिवशी पशुवैद्याकडे मूत्र तपासून घ्यावे. मूत्रमार्गाचा दाह असेल तर औषधाने काही दिवसांत उतार पडतो. तेवढ्या काळात पिल्लास बाहेर नेण्याच्या फेऱ्या मात्र पुन्हा दोन महिन्यांच्या वयाच्या हिशेबाने ठेवाव्या लागतात.